बंदरांसाठी करार, माणसांसाठी ठराव

१/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या पाच महिन्यांत युरोपीय राष्ट्रांचे प्रतिनिधी केवळ या एका रोगाच्या विचारासाठी व्हेनिस येथे जमले आणि १९ मार्च १८९७ रोजी आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. आगबोटी आणि तारायंत्राच्या त्या काळात निदानापासून करारापर्यंत जेमतेम सहा महिने लागले.

२/
सप्टेंबर २०११. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची उच्चस्तरीय बैठक भरली. विषय होता हृदयविकार, कर्करोग, मधुमेह आणि दीर्घकालीन श्वसनविकार. २००८ साली जगात झालेल्या ५ कोटी ७० लाख मृत्यूंपैकी ३ कोटी ६० लाख मृत्यू असंसर्गजन्य आजारांचे होते, हे तिथल्या घोषणापत्रातच नमूद आहे. मात्र हे मृत्यू किती टक्क्यांनी आणि केव्हापर्यंत कमी करायचे, याचा एकही आकडा त्यात नाही. बंधन नाही आणि निधीही नाही.

३/
प्लेगसाठी सहा महिन्यांत करार करू शकणारी राज्यसत्ता मधुमेहासमोर इतकी हतबल का व्हावी? 'हे आजार गुंतागुंतीचे आहेत' हे ठरलेले उत्तर मला मान्य नाही. इतिहासाचे उत्तर वेगळे आहे: रोग व्यापाराच्या आड आला की सरकारे करार करतात, व्यापार आरोग्याच्या आड आला की सरकारे ठराव करतात. या थ्रेडमध्ये हेच विधान कागदपत्रांच्या आधारे तपासायचे आहे.

४/
आरंभ पॅरिसपासून करू. २३ जुलै १८५१ रोजी पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राष्ट्रे होती आणि प्रत्येकाकडून एक डॉक्टर व एक मुत्सद्दी आला होता. रचनाच बोलकी आहे. कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर यांच्या भयाने प्रत्येक बंदर आपापले क्वारंटाइनचे नियम लावत असे. जहाजे आठवडेच्या आठवडे अडकून पडत आणि माल सडे. रोग तर थोपवायचाच होता, पण जहाजांचा खोळंबाही टाळायचा होता.

५/
ती परिषद सहा महिने चालली आणि फारसे काही न साधता संपली. कॉलरा संसर्गाने पसरतो की दूषित हवेने, यावरच एकमत नव्हते. पहिला प्रत्यक्ष करार १८९२ साली, सातव्या परिषदेत झाला. म्हणजे एक्केचाळीस वर्षे गेली. तरीही राष्ट्रे पुन्हा पुन्हा टेबलाशी येत राहिली, कारण प्रत्येक वर्षाच्या विलंबाचा हिशेब व्यापाऱ्यांच्या खतावणीत मांडला जात होता. हितसंबंध थेट असले की चिकाटी आपोआप येते.

६/
आता पुन्हा १८९७. प्लेगची वार्ता पोहोचताच युरोपच्या बंदरांत मुंबईचा माल आणि मुंबईची जहाजे संशयाच्या छायेत आली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या निर्यातीवर गदा येणार हे दिसताच कलकत्त्याच्या सरकारने फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत केला. मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांना बंदी झाली. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, स्थानकांवरील तपासण्या सुरू झाल्या. पुण्यात रँडने काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

७/
गैरसमज नको. त्या जुलमाचे कौतुक मला करायचे नाही. रँडची प्लेग कमिटी आजच्या आरोग्यव्यवस्थेचा आदर्श होऊ शकत नाही. मुद्दा इतकाच, की राज्यसत्तेपाशी वेग, कायदा, पैसा आणि माणूसबळ या चारही गोष्टी होत्या. बाजारपेठा बंद होण्याचे भय दिसताच त्या कामाला लावल्या गेल्या. 'सरकारला शक्य नव्हते' हे वाक्य आरोग्याच्या इतिहासात जपून वापरावे.

८/
दुसरे उदाहरण अधिक सुखद आहे. २००१ साली आमसभेने एड्ससाठी विशेष अधिवेशन घेतले. त्यातून मुदतबंद उद्दिष्टे असलेले वचनपत्र निघाले आणि २००२ च्या आरंभी एड्स, क्षय व हिवताप यांसाठी जागतिक निधी उभा राहिला. हे राष्ट्रप्रमुखांना आपणहून सुचले नव्हते. रुग्ण रस्त्यावर उतरले होते. दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या ३९ औषधकंपन्यांना एप्रिल २००१ मध्ये खटला मागे घ्यावा लागला होता.

९/
दहा वर्षांनी त्याच सभागृहात असंसर्गजन्य आजारांची पाळी आली तेव्हा रस्ते रिकामे होते. उच्च रक्तदाबाचा रुग्ण मोर्चा काढत नाही. तो सकाळी गोळी घेतो, महिनाअखेरीस गोळ्या संपल्या तर पगाराची वाट पाहतो, आणि पक्षाघात झाला की घरचे 'नशीब' म्हणतात. ज्याला नशीब म्हटले जाते त्याविरुद्ध कोणी घोषणा देत नाही.

१०/
२०११ ची बैठक घडवून आणण्याचे श्रेय मोठ्या राष्ट्रांकडे जात नाही, हेही लक्षात ठेवावे. सप्टेंबर २००७ मध्ये कॅरिबियन राष्ट्रांचे प्रमुख त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन येथे जमले आणि दीर्घकालीन आजारांविरुद्ध त्यांनी संयुक्त जाहीरनामा काढला. मधुमेह आणि रक्तदाबाने आपली छोटी बेटे पोखरली जात आहेत, हे त्यांनी ओळखले होते. तो विषय त्यांनीच पुढे न्यूयॉर्कपर्यंत नेला.

११/
न्यूयॉर्कला पोहोचताच शब्दांची धार बोथट झाली. अशा घोषणापत्रांची एक खास भाषा असते: 'यथोचित', 'राष्ट्रीय परिस्थितीनुसार', 'प्रोत्साहन द्यावे', 'विचार करावा'. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागद वाचताना नामांइतकेच क्रियापदांकडे लक्ष द्यावे. 'राज्ये असे करतील' आणि 'राज्ये असे करण्याचा विचार करतील' या दोन वाक्यांच्या दरम्यान लक्षावधी माणसे मरतात.

१२/
२०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने कृती आराखडा आणला. नऊ उद्दिष्टे ठरली: अकाली मृत्यूंचे प्रमाण २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी, मिठाचे सेवन ३० टक्क्यांनी आणि तंबाखूचा वापर ३० टक्क्यांनी कमी करायचा, वगैरे. नवांच्याही मागे एकच विशेषण होते: ऐच्छिक. दोनच वर्षांनी शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये आकडा वाढून एक-तृतीयांश झाला आणि मुदत २०३० पर्यंत गेली. जुने देणे न फेडता नवी मोठी हुंडी लिहून देणाऱ्यास आपल्याकडे काय म्हणतात, ते वाचकांनीच आठवावे.

१३/
निकाल? मिठाबाबतच्या उद्दिष्टापासून जग दूर असल्याचे खुद्द संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. तिच्याच आकडेवारीनुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसे दगावली. त्यांपैकी १ कोटी ८० लाख सत्तरी गाठण्याआधीच गेली आणि या अकाली मृत्यूंतील ८२ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. 'श्रीमंतांचे आजार' हा शब्दप्रयोग आता संग्रहालयात ठेवावा.

१४/
हितसंबंध कसे काम करतात, याचे एक दस्तऐवजी उदाहरण पाहू. २००३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी सांगितले की वरून घातलेली आणि तत्सम साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संघटनेने संघटनेच्या महासंचालकांना पत्र लिहून अमेरिकी निधीलाच आव्हान देण्याची धमकी दिली. २००४ च्या आहारविषयक जागतिक धोरणात 'साखर मर्यादित ठेवा' हा उपदेश राहिला. दहा टक्क्यांचा आकडा मात्र दिसेनासा झाला.

१५/
तोच आकडा संघटनेच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनेत ठामपणे यायला २०१५ उजाडले. २०१८ मध्ये संघटनेनेच नेमलेल्या उच्चस्तरीय आयोगात साखरयुक्त पेयांवरील करावर एकमत झाले नाही, म्हणून ती शिफारस अहवालातून गळाली. दरम्यान मेक्सिकोने २०१४ पासून अशा पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावलाही होता आणि चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले होते. एकेकटी राष्ट्रे पुढे जात होती आणि सर्व राष्ट्रांचे मिळून बनलेले सभागृह मागे रेंगाळत होते.

१६/
'बंधनकारक करार अशा आजारांना लागूच पडत नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी २१ मे २००३ ही तारीख. त्या दिवशी तंबाखू नियंत्रणाचा आराखडा करार एकमताने स्वीकारला गेला. संघटनेच्या घटनेतील कलम १९ तिला करार करण्याचा अधिकार देते. १९४८ पासून पडून असलेला तो अधिकार पहिल्यांदाच वापरला गेला. नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड तेव्हा महासंचालक होत्या. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये या कराराला अनुमोदन दिले. आज १८० हून अधिक पक्ष त्यात आहेत.

१७/
या कराराचे मर्म कलम ५.३ मध्ये आहे. तंबाखू नियंत्रणाची धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवावीत, असे ते राज्यांना बजावते. ज्याच्यावर नियम करायचा, त्याला नियम लिहायला बसवू नये: इतकी साधी गोष्ट. साखर, मद्य आणि अतिप्रक्रियायुक्त खाद्य यांच्याबाबत मात्र हीच मंडळी 'भागीदार' म्हणून सन्मानाने बैठकीला बोलावली जातात.

१८/
करारात दंडाची तरतूद नाही, हे खरे. मग त्याचा उपयोग काय? उरुग्वेला विचारा. सुमारे ३५ लाख लोकवस्तीच्या या देशाने सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. अध्यक्ष तबारे वास्केझ स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. २०१० मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने गुंतवणूक कराराचा आधार घेऊन त्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला. लवादाने निर्णय देताना तंबाखू कराराचा आधार घेतला आणि देशाच्या खटल्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेश कंपनीला दिला.

१९/
हा निकाल नीट समजून घ्यावा. कंपनीच्या हाती करार होता आणि देशाच्या हातीही करार होता, म्हणून लढत बरोबरीची झाली. उद्या एखाद्या लहान देशाने शीतपेयांवर कठोर इशारा छापायला लावला आणि कंपनी अशीच लवादापुढे गेली, तर त्या देशाच्या हाती असेल 'विचार करावा' असे सांगणारे घोषणापत्र. करारासमोर ठराव घेऊन उभे राहणे म्हणजे तोफेसमोर वेताची काठी.

२०/
आपल्या घरात पाहू. प्रौढांच्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील वापराचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. या काळात लोकसंख्या वाढूनही तंबाखू वापरणारे सुमारे ८१ लाखांनी घटले. पाकिटांवरील ८५ टक्के इशारा एप्रिल २०१६ मध्ये आला. सगळे श्रेय एका कराराला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण कायदा, इशारे, कर आणि करार एकाच दिशेने ओढतात तेव्हा गाडा हलतो, एवढे निश्चित.

२१/
महाराष्ट्राचा गुटखाही आठवावा. राज्याने २००२ मध्ये बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकाराच्या मुद्द्यावर ती रद्द केली. मग अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांच्या आधारे २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगून पळवाटही निघाली. बंदीची अंमलबजावणी सदोष आहे, हे कोणत्याही पानटपरीवर दिसते. तरीही कायदा असला की पळवाट दाखवून देता येते. ठरावाला पळवाट नसते, कारण त्याला वाटच नसते.

२२/
दुसरी बाजूही सांगतो. कलम ५.३ मान्य करणाऱ्या आपल्याच देशात, सरकारच्या मालकीच्या आयुर्विमा महामंडळाकडे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे मोठे समभाग आहेत. एका हाताने इशारा छापायचा आणि दुसऱ्या हाताने लाभांश घ्यायचा! खाद्यपदार्थांच्या पाकिटांचेही तेच. २०१८ च्या मसुद्यात अति साखर, मीठ वा मेद असलेल्या पदार्थांवर लाल खूण सुचवली होती. २०२२ च्या मसुद्यात तिच्या जागी तारे आले. इशाऱ्याचे प्रशस्तिपत्र कसे होते, हे यातून शिकावे.

२३/
आक्षेप पहिला: 'हे आजार माणसाच्या सवयींमुळे होतात, सरकार काय करणार?' एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्याचा दोषही गरिबांच्या घाणेरड्या सवयींना दिला जात असे. शहरांनी गटारे बांधली, स्वच्छ पाण्याचे नळ आणले आणि त्या 'सवयी' बदलल्या. शाळेच्या दारात पाच रुपयांना काय मिळते आणि घराजवळच्या आरोग्यकेंद्रात रक्तदाबाची गोळी नियमित मिळते की नाही, हे कोणा एकाच्या मनोनिग्रहावर अवलंबून नसते.

२४/
आक्षेप दुसरा: 'बंधनकारक करार म्हणजे सार्वभौमत्वावर घाला.' जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराची मुदत पाळण्यासाठी भारताने २००५ मध्ये आपला पेटंट कायदा बदलला, औषधांवर वस्तुपेटंट पुन्हा आणले. कंपन्यांच्या हक्कांसाठी करार बंधनकारक चालतो आणि रुग्णांच्या हक्कांसाठी म्हटले की सार्वभौमत्व आठवते. या स्मरणशक्तीला निवडक म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

२५/
आणि आता २०२५. २० मे रोजी जिनिव्हात महासाथविषयक करार स्वीकारला गेला. कलम १९ चा हा इतिहासातला दुसरा वापर, आणि तो पुन्हा संसर्गासाठी. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये असंसर्गजन्य आजारांवरील चौथी उच्चस्तरीय बैठक झाली. तिथे अमेरिकेने घोषणापत्राला विरोध केल्याने सहमती मोडली आणि पुढे डिसेंबरमध्ये आमसभेत मतदान घेऊन ते संमत करावे लागले. आरोग्यकराविषयीची आरंभीच्या मसुद्यातील ठोस भाषा वाटाघाटींत सौम्य झाली होती. इतके सौम्य, बंधनरहित पत्रसुद्धा एका महासत्तेला जड वाटले.

२६/
त्या घोषणापत्राची जमेची बाजू नाकारू नये. २०३० पर्यंत तंबाखू वापरणारे १५ कोटींनी कमी आणि रक्तदाब नियंत्रणात असलेले १५ कोटींनी अधिक, असे मोजता येणारे आकडे त्यात आहेत. २०११ च्या कोऱ्या पानापेक्षा हे बरे. पण आरोग्यासाठीच्या एकूण परदेशी मदतीतला या आजारांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच रेंगाळला आहे. पैशाविना आकडा म्हणजे बियाण्याविना पेरणीचा मुहूर्त.

२७/
म्हणून मागणी स्पष्ट असावी. एक: कलम ५.३ चे तत्त्व साखर, मद्य आणि अतिप्रक्रियायुक्त खाद्य यांच्या उद्योगांनाही लागू करणारा बंधनकारक करार. दोन: प्रत्येक सरकारने उद्दिष्टांचा वार्षिक हिशेब आपल्या विधिमंडळापुढे ठेवावा, जेणेकरून प्रश्न विचारण्याचा हक्क लोकप्रतिनिधींना मिळेल. तीन: रक्तदाब व मधुमेहाच्या मूलभूत औषधांसाठी निश्चित निधी. यांपैकी एकही गोष्ट अभूतपूर्व नाही. प्रत्येकीचा पूर्वाधार वर दिला आहे किंवा लोकशाहीच्या रोजच्या व्यवहारात आहे.

२८/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांकडे एक हत्यार असते: कागद वाचण्याची शिस्त. पुढच्या वेळी 'सरकार कटिबद्ध' ही बातमी आली की चार प्रश्न विचारा. हा करार आहे की ठराव? पैसा कोण देणार? हिशेब कोण मागणार? आणि मसुदा लिहिताना खोलीत कोण बसले होते? बखर असो वा घोषणापत्र, लिहिणाऱ्याचा आश्रयदाता कळल्याशिवाय मजकूर पुरता कळत नाही.

२९/
१८५१ च्या मुत्सद्द्यांना जहाजांची चिंता होती, आणि त्या चिंतेतून जागतिक आरोग्यव्यवस्था जन्माला आली. आपल्याला माणसांची चिंता आहे. एक्केचाळीस वर्षे टेबलाशी परत परत येण्याची त्यांची चिकाटी उसनी घ्यायला हरकत नाही. मात्र तितकी वर्षे थांबायला आपल्याला सवड नाही. २०११ पासून मोजले तरी पंधराएक वर्षे गेली आहेत.

थ्रेड येथे संपतो. मतभेद असतील तर जरूर मांडा. तारीख आणि कागद सोबत आणा.